परिसंस्थेचा धडा पावसाळ्यात घ्या: विज्ञानाचं पुस्तक आणि शाळेमागचं रान

कातळसडा

मी रत्नागिरी जिल्ह्यात, सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवतो. बरेच दिवस मनात असलेला मुद्दा मांडतोय. शिक्षक, पालक, वनस्पतीशास्त्रवाले, सगळ्यांनीच बोलावं.

बालभारतीच्या आठवीच्या सामान्य विज्ञानात 'परिसंस्था' हा १८ वा पाठ आहे. एकूण पाठ १९. पुस्तकाच्या क्रमाने गेलं तर परिसंस्थेची पाळी फेब्रुवारीत येते, सुट्ट्या जास्त झाल्या तर मार्चात. तोवर आमचा सडा पार वाळून गेलेला असतो. कातळावर करड (वाळलेलं गवत) आणि धूळ, बाकी काही नाही. जे शिकवायचं तेच समोर नसतं. मग आपण फळ्यावर गवत, हरीण, वाघ काढतो, मध्ये बाण देतो आणि मुलं बाण पाठ करतात. कोकणातल्या मुलाने हरीण पाहिलेलं नसतं, वाघ तर नाहीच.

जुलै ते सप्टेंबर हा सगळा धडा शाळेच्या पायरीपासून सुरू होतो. पण तेव्हा वर्गात चालू असतं बल व दाब, धाराविद्युत, अणूचे अंतरंग. हे पाठ महत्त्वाचेच आहेत. पण अणूला पावसाळा-उन्हाळा नाही, तो जानेवारीतही तितकाच नीट शिकवता येतो. टाकळ्यावरची अळी जानेवारीत मिळत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की, निसर्गाच्या अभ्यासाचा वेगळा 'उपक्रम' करू नका. हरित सेना, वृक्षदिंडी जरूर करा, पण ते पुस्तकाच्या बाहेर राहतं आणि कामाची घाई झाली की आधी तेच गळतं. जो धडा शिकवायचाच आहे तो योग्य महिन्यात उचला आणि बाहेर नेऊन शिकवा. तासिका त्याच, गुण तेच, नोंदही त्याच वहीत.

आमच्याकडे हे कसं चालतं ते सांगतो. चार खिळे आणि सुतळी घेऊन एक मीटर बाय एक मीटरची चौकट आखतो. पाच-पाच मुलांचा गट, प्रत्येक गटाला एक चौकट. चौकट कुठे आखायची हे मुलं ठरवत नाहीत, नाहीतर सगळे फुलं असलेल्या जागी धावतात. चिठ्ठ्या टाकून पावलं मोजायची आणि जिथे पोचू तिथे खिळा. नमुना निवडणं म्हणजे काय हे इथेच कळतं, वेगळी व्याख्या द्यावी लागत नाही. मग आत जे आहे ते मोजायचं. टाकळा किती, लाजाळू किती, गवताचे प्रकार किती. नाव माहीत नसेल तर 'गवत क, केसाळ' असं लिहा, चालतं. पानं खाल्लेली आहेत का? खाणारा सापडला का? कोळी, मुंग्या, नाकतोडे?

टाकळा या कामाला फार उपयोगी. त्याच्यावर पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या असतात, त्या पानाच्या मधल्या शिरेवर इतक्या बेमालूम पडून राहतात की पहिल्या पाहणीत एकाही मुलाला दिसत नाहीत. एकाला दिसली की मग सगळ्यांना दिसायला लागतात. सातवीच्या पहिल्या पाठातलं 'अनुकूलन' ते हेच. याच सुमाराला वर्गाच्या खिडकीच्या चौकटीवर कुंभारीण माशीने मातीचं बोराएवढं मडकं केलेलं असतं. असंच एक मडकं पोरांच्या हातून फुटलं, तर आत गुंगी आलेल्या हिरव्या अळ्या दाटीने भरलेल्या. मेलेल्या नव्हेत, हात लावला की किंचित वळवळणाऱ्या. एक मुलगी म्हणाली, "सर, हिने पिल्लांसाठी डबा भरून ठेवलाय." त्या दिवशी अन्नसाखळीचे बाण कुणाला समजावून सांगावे लागले नाहीत.

मोजणी झाली की वर्गात येऊन संख्येचा मनोरा काढायचा. चौकटीत खाली वनस्पती भरपूर, वर अळ्या-नाकतोडे कमी, त्याच्यावर कोळी आणखी कमी. मग मुलांना विचारायचं, आता कलमाच्या बागेतल्या एका आंब्याचा मनोरा काढा. झाड एक, त्यावर तुडतुडे हजारोंनी. मनोरा उलटा होतो! नववीच्या 'परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह' या ७ व्या पाठाची अर्धी तयारी आठवीतच होते. संख्या उलटी होते, पण ऊर्जेचा मनोरा कधीच उलटा होत नाही, हा फरक नुसत्या पुस्तकातून पोचवणं फार अवघड आहे.

गुणांचं म्हणाल तर आठवीपर्यंत आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनात निरीक्षण, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प ही साधनं आहेतच. चौकटीच्या नोंदीला त्यातच गुण द्यायचे. जास्तीचा कागद लागत नाही.

तुमच्या भागात काय करता? कोणता पाठ कोणत्या महिन्यात? लिहा.

शुभदा_के

सर, वाचून छान वाटलं. पण पालक म्हणून शंका आहे, ती स्पष्टच विचारते. माझा मुलगा आठवीत, पुण्यात. त्याच्या शाळेत 'निसर्गशिक्षण' भरपूर झालं. सहल झाली, फोटो निघाले, फलक लागला. घरी येऊन मी विचारलं की उत्पादक आणि भक्षक यांत फरक काय, तर सांगता येईना. एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीतच असते आणि तिच्यात विज्ञानाचे प्रश्न असतात. बाहेर नेण्यात वेळ गेला आणि पाठ मागे राहिले, तर भोगायचं मुलांनीच ना? शिवाय पाठांचा क्रम शिक्षकाने बदललेला चालतो का?

कातळसडा

शुभदाताई, तुमची शंका रास्त आहे. सहलीत कमी काय होतं तर प्रश्न. मुलगा रानात जाताना एखादा प्रश्न घेऊन गेला नाही, तर तो फिरून येतो आणि तुम्ही म्हणता तसंच होतं. म्हणून मी बाहेर नेताना धड्यातला एकच प्रश्न देतो आणि परत आल्यावर त्याच तासाला किंवा दुसऱ्या दिवशी पुस्तकातला तो परिच्छेद वाचून घेतो. आधी पाहणं, मग पुस्तक. उलट केलं तर मुलं पुस्तकातलंच शोधत बसतात आणि समोरचं बघत नाहीत.

क्रमाचं म्हणाल तर आठवीची विज्ञानाची प्रश्नपत्रिका आमच्याकडे शाळाच काढते. पहिल्या सत्रात जे शिकवलं त्यावर पहिल्या सत्राची परीक्षा. राज्यस्तरावरच्या नियतकालिक चाचण्या भाषा, गणित आणि इंग्रजीच्या असतात, विज्ञानाच्या नाहीत. काही तालुक्यांत मुख्याध्यापक संघाची सामाईक प्रश्नपत्रिका येते. तिथे मात्र आधी बोलून घ्यावं लागेल.

पाठ मागे पडतात का? माझ्या अनुभवात नाही, कारण परिसंस्थेला मार्चमध्ये पुन्हा तास द्यावे लागत नाहीत. उजळणी म्हणून पावसाळ्यातल्या त्याच चौकटीत मुलांना परत नेतो आणि काय उरलं ते पाहायला सांगतो. अजैविक घटक बदलले की जैविक कसे बदलतात, हा पुस्तकातला प्रश्न. उत्तर त्यांच्या स्वतःच्या दोन तक्त्यांत असतं.

लेस्टरकर

इंग्लंडमधून लिहितोय. मुलगी इथे दहावी-अकरावीच्या पातळीची परीक्षा देतेय, जीसीएसई. इथे जीवशास्त्राला काही प्रयोग सक्तीचे आहेत आणि त्यात नेमकं तुमचंच काम येतं. चौकट टाकून एखाद्या सामान्य वनस्पतीची संख्या अंदाजायची आणि प्रकाशासारखा एखादा घटक बदलला की ती कुठे किती आढळते ते पाहायचं. मुलगी शाळेच्या हिरवळीवर डेझी मोजून आली.

महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. इथे प्रयोगाला वेगळे तोंडी गुण नाहीत. लेखी परीक्षेतच विज्ञानाचे किमान १५ टक्के गुण प्रयोगांवरच्या प्रश्नांना असतात. 'या मुलाने चौकटी फक्त पायवाटेच्या कडेला टाकल्या, निष्कर्षावर काय परिणाम होईल?' असा प्रश्न येतो. ज्याने स्वतः चौकट टाकली आहे त्याला ते सहज सुचतं, पाठांतर करणाऱ्याला जड जातं. त्यामुळे प्रयोग उरकून टाकावा असं शाळेला वाटतच नाही. आपल्याकडे दहावीला विज्ञानाच्या १०० पैकी २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत आणि ते बहुतेक शाळांत सगळ्यांना जवळजवळ पूर्ण मिळतात, हे आपण सगळे जाणतो. प्रश्न लेखी परीक्षेत आला तरच बदल होईल असं मला वाटतं.

अंधेरी_फास्ट

कातळसडा सर, तुमच्याकडे सडा आहे. आमच्या शाळेला मैदानच नाही. इमारतीच्या गच्चीवर प्रार्थना होते. मुंबईतल्या शिक्षकांनी काय करायचं? मी नववी-दहावीला शिकवते.

तरी एक गोष्ट सांगते. नववीच्या ६ व्या पाठात 'वनस्पतींचे वर्गीकरण' आहे. थॅलोफायटा, ब्रायोफायटा, टेरिडोफायटा ही नावं ऐकूनच मुलं दमतात. हा पाठ साधारण ऑगस्टमध्ये येतो, म्हणजे इथे पुस्तकाचा क्रम आणि पाऊस आपोआप जुळलेत. आमच्या शाळेच्या मागची संरक्षक भिंत गळक्या पाइपाखाली कायम ओली. तिच्यावर पावसाळ्यात हिरवा गालिचा येतो, तो मॉसचा, म्हणजे ब्रायोफायटा. हातभिंग लावलं की त्यातून केसासारख्या दांड्या वर आलेल्या दिसतात, टोकाला इवलीशी बोंडं. ती बीजाणूंची. त्याच भिंतीच्या भेगेत नेचा (टेरिडोफायटा), पान उलटं केलं की तपकिरी ठिपक्यांच्या ओळी. खाली तुंबलेल्या पाण्यात हिरवे तंतू, म्हणजे शैवाल (थॅलोफायटा). तीन विभाग एकाच भिंतीवर, वर्गापासून दोन मिनिटांवर! पिंपळाचं रोपही तिथेच उगवलंय, त्यामुळे बीजपत्रीसुद्धा झाले.

मुलांना मी एकच विचारलं, की नेचा मॉसपेक्षा उंच कसा वाढला? उत्तर पुस्तकात आहे, मॉसला पाणी वाहून नेणाऱ्या ऊती नाहीत. पण त्यांनी आधी आपापसात अर्धा तास वाद घातला. एकजण म्हणाला, मॉसला ऊन कमी मिळतं. दुसऱ्याने दाखवलं की नेचा तर त्याहून सावलीत आहे. अशा वादाला मी मुद्दाम वेळ देते.

रानभैरी

वनस्पतीशास्त्रात काम करते. अंधेरीताई, भिंत फारच छान निवडलीत. ओल्या मातीच्या कुंडीत किंवा गटाराच्या कडेला चपट्या, दोन फाटे फुटलेल्या हिरव्या पाकळ्यांसारखं काही चिकटलेलं दिसलं तर ते रिक्सिया असू शकतं. तेही ब्रायोफायटाच. मॉसशेजारी ठेवून मुलांना विचारा, हे दोघं एकाच विभागात का?

सूक्ष्मदर्शक नसेल त्यांच्यासाठी: कागदाचा घडीचा सूक्ष्मदर्शक, फोल्डस्कोप. स्टॅनफर्डचे मनु प्रकाश यांच्या प्रयोगशाळेत तो तयार झाला. साधारण १४० पट मोठं दिसतं आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याला लावता येतो. गवत भिजवून ठेवलेल्या पाण्याचा थेंब चार-पाच दिवसांनी त्याखाली बघायला द्या, आदिजीवांचा पाठ वेगळा शिकवावा लागणार नाही.

कातळसडा सर, तुमच्या टाकळ्याबद्दल एक भर घालते. नववीला 'उपयुक्त आणि उपद्रवी सूक्ष्मजीव' मध्ये रायझोबिअम येतो, मुळांच्या गाठींत राहून हवेतला नत्र बांधणारा जीवाणू. मुलांना मुळावरच्या गाठी दाखवायला बरेच शिक्षक शेंगा येणारी कुठलीही रानटी वनस्पती उपटतात. टाकळ्याला शेंगा येतात, पण त्याच्या मुळांवर गाठी होत नाहीत. लाजाळू, भुईमूग, उडीद, चवळी घ्या. मुळं पाण्यात अलगद धुवा, ओढू नका, गाठी गळतात. मग एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी निघाली तर ती नत्र बांधण्याचं काम करतेय. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा, लेगहिमोग्लोबिनचा. हिरवट-तपकिरी असेल तर गाठ जुनी झाली. मुलांना टाकळा आणि लाजाळू दोन्ही उपटायला लावा आणि 'शेंगा दोघांना, गाठी एकालाच, असं का' हे त्यांच्यावरच सोडा.

सड्यावर असाल तर सातवीच्या 'सजीवांतील पोषण' साठी दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती तिथेच पायाशी असेल. ऑगस्ट-सप्टेंबरात ओलसर कातळावर लालसर चकतीसारखी दिसते, पानांच्या केसांवर चिकट थेंब आणि त्यात अडकलेली चिलटं. तीही प्रकाशसंश्लेषण करतेच, मग तिला किडे कशाला लागतात? कातळावरच्या पातळ मातीत नत्र फार कमी. म्हणजे गाठींचा धडा आणि कीटकभक्षीचा धडा एकाच प्रश्नाची दोन उत्तरं आहेत. फक्त कृपा करून ती उपटू देऊ नका. गुडघे टेकून बघायची. कास पठारावर काय किंवा तुमच्या सड्यावर काय, पायाखाली तुडवली जाणारी माती परत सावरायला वेळ लागतो.

कातळसडा

रानभैरी मॅडम, दवबिंदू आहे आमच्याकडे, मुलं तिला ओळखतात. गाठींची जोडी याच पावसाळ्यात करून बघतो.

वऱ्हाडी_मास्तर

अकोला जिल्हा. आमची शाळा उघडते तीच जूनच्या शेवटी, आणि कोकणासारखं रान आमच्याकडे नाही. चहूकडे कपाशी, तूर, सोयाबीन. तुमचं टाकळा-दवबिंदू वाचून वाटलं की आपल्याकडे काय दाखवायचं. मग लक्षात आलं, शेत हीसुद्धा परिसंस्थाच आहे, आणि पोरांच्या घरात रोज तिचीच चर्चा असते.

आमच्याकडे गुलाबी बोंडअळीसाठी शेतात कामगंध सापळे लावतात. मादीच्या वासाची गोळी, खाली प्लॅस्टिकची पिशवी, नर पतंग आत येऊन अडकतात. कृषी विभागाचा सल्ला असा असतो की एका सापळ्यात रोज ८ पतंग, सलग ३ दिवस आले, तर उपाय करायची वेळ झाली. पोरांना मी घरच्या सापळ्याची रोजची मोजणी लिहायला लावतो. सकाळी शाळेत आल्यावर फळ्यावर आकडे मांडायचे. गणिताचा आलेख, विज्ञानाची जीवसंख्या आणि बापाचा फवारणीचा निर्णय, सगळं एकाच तक्त्यावर. एका पोराच्या वडिलांनी तर त्याची वही बघून फवारणी पुढे ढकलली.

आणि दहावीच्या 'आनुवंशिकता व उत्क्रांती' साठी याहून जवळचं उदाहरण मला माहीत नाही. बीटी कपाशी (अळीला मारणारं जनुक घातलेली) आली तेव्हा बोंडअळी मरत होती. पुढे तिला न जुमानणाऱ्या अळ्या टिकल्या, त्यांची प्रजा वाढली आणि २०१७ साली आमच्या भागात बोंडंच्या बोंडं किडली. नैसर्गिक निवड सांगायला जिराफाची मान कशाला? पोरांनी ते वर्ष घरात भोगलंय. फक्त एक पथ्य कडक पाळतो. फवारणी झालेल्या शेतात कुणीही जायचं नाही, मोजणीचा दिवस चुकला तरी चालेल. विषबाधा काय असते ते विदर्भाने पाहिलंय.

शुभदा_के

मास्तर, वहीवरून फवारणीचा निर्णय! हे वाचून माझा प्रश्न थोडा बदलला. गुणांचं बाजूला ठेवते. पण हे सगळं त्या-त्या शिक्षकाच्या उत्साहावर चाललंय. सरांची बदली झाली की पुढे काय?

नर्मदाकाठ

शुभदाताईंच्या या प्रश्नासाठीच लिहायला बसलो. आम्ही मध्य प्रदेशातले मराठी, माझं बालपण होशंगाबाद जिल्ह्यात गेलं. तिथे १९७२ मध्ये सहावी ते आठवीच्या १६ शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो सरकारी शाळांतच सुरू केला, खाजगी प्रयोगशाळा काढली नाही. पुढे तो जिल्हाभर गेला, १९८२ मध्ये 'एकलव्य' ही संस्था झाली आणि तिने तो इतर जिल्ह्यांतही नेला.

मी त्यात शिकलो. 'बाल वैज्ञानिक' हे आमचं पुस्तक. त्यात उत्तरं नव्हती. प्रश्न, प्रयोग आणि रिकामी जागा. गटागटाने परिसरात जायचं, पानांच्या शिरांचे नमुने, मुळांचे प्रकार, पिकांवरच्या किडी गोळा करून यायच्या आणि वर्गात भांडून वर्गीकरण ठरवायचं. मुलांना अडलं तर 'सवालीराम' नावाच्या काल्पनिक माणसाला पत्र लिहायचं, त्याचं उत्तर यायचं.

हा कार्यक्रम इतकी वर्षं टिकला तो दोन कारणांनी. परीक्षा बदलली होती. पुस्तक आणि वही उघडी ठेवून लेखी परीक्षा, शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा. त्यामुळे पाठ करण्यात अर्थच नव्हता. लेस्टरकर म्हणतात तेच. आणि दुसरं म्हणजे शिक्षक एकटा नव्हता. दर महिन्याला परिसरातल्या शाळांचे शिक्षक एकत्र बसत, कुठला प्रयोग फसला, मुलांनी काय विचारलं, यावर बोलत. एखाद्याची बदली झाली तरी बाकीचे होते.

२००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. तीस वर्षं सरकारी शाळांत चाललेलं काम एका आदेशाने थांबलं, याचं दुःख अजून आहे. पण त्या वर्गांतून बाहेर पडलेली मुलं आज शिक्षक आहेत, शेतकरी आहेत, आणि समोरची गोष्ट मोजून बघायची सवय त्यांच्यात राहिली आहे.

मधली_सुट्टी

केंद्रप्रमुख म्हणून काम केलंय. नर्मदाकाठ यांनी सांगितलेली मासिक बैठक आपल्याकडे कागदावर आहेच. केंद्रस्तरावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, दर महिन्याला शिक्षण परिषद होते. खरं सांगायचं तर बऱ्याचदा ती सूचना वाचून दाखवण्यात संपते. त्यातला अर्धा तास विज्ञानाच्या शिक्षकांना द्या. 'ऑगस्टमध्ये कोणता पाठ बाहेर घेतला' एवढा एकच विषय. नवा आदेश लागत नाही, निधी लागत नाही.

आणखी एक सांगतो, कारण हा गोंधळ मी वर्षानुवर्षं पाहिला. सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात २००३ मध्ये पर्यावरण शिक्षण सगळ्या इयत्तांना सक्तीचं करायला सांगितलं. हेतू उत्तम. शाळेत मात्र तो वेगळा विषय झाला, त्याला श्रेणी मिळाली, आणि ज्याला गुण नाहीत त्याचा तास गणिताला गेला. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या वेळी 'परिसर आणि अध्ययन' या विषयावरच्या गटाचे अध्यक्ष परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ होते. मुलांनी आपल्या परिसराच्या खऱ्या नोंदी कराव्यात आणि त्या सर्वांच्या उपयोगी पडाव्यात, हा त्यांचा आग्रह. गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही असते, निदान कायद्याने असायला हवी. शाळेच्या चौकटीतल्या नोंदी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे का जाऊ नयेत? मुलांचं काम कपाटात पडून राहिलं की पुढच्या वर्षी उत्साह संपतो.

सुरक्षेचंही लिहितो, कारण अडवणारे इथेच अडवतात. पालकांचं संमतीपत्र वर्षाच्या सुरुवातीला एकदाच घ्या. पावसाळ्यात गवतात जाताना पायात बूट हवेत. काठीने गवत हलवून मग पाय. दगड उलटायचा तर स्वतःच्या दिशेने, म्हणजे उघडी बाजू पलीकडे राहते. घोणस, फुरसं, मण्यार, नाग यांचे फोटो वर्गात लावा. गांधीलमाशीची कुणाला ॲलर्जी आहे का, ते आधी विचारा. पक्ष्यांची घरटी, अंडी यांना हात नाही. एवढं मुख्याध्यापकांपुढे लेखी ठेवलंत तर बहुतेक जण परवानगी देतात.

अंधेरी_फास्ट

नोंदी कुठे पाठवायच्या, यावर: सीझनवॉच म्हणून देशभर चालणारा प्रकल्प आहे. एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला त्याची पालवी, फुलं, फळं 'नाहीत, थोडी, भरपूर' अशी नोंदवायची. केरळमधल्या शाळा यात मोठ्या संख्येने आहेत. आमच्या मुलांनी रस्त्यावरचा बहावा घेतलाय. गच्चीवरून दिसतो, मैदान लागत नाही. बहावा एरवी एप्रिल-मेचा. आधी फुलला तर का, हा प्रश्न दहावीच्या 'पर्यावरणीय व्यवस्थापन' पर्यंत नेता येतो.

लेस्टरकर

बहाव्याची कल्पना आवडली. मुलीला म्हटलं, तू चेस्टनट घे, दोन्ही शाळांच्या नोंदी शेजारी शेजारी लावू. अंधेरीताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

कातळसडा

धाग्यावर इतकं हाती लागेल असं वाटलं नव्हतं. मधली_सुट्टी सरांचा अर्ध्या तासाचा मुद्दा मी आमच्या पुढच्या शिक्षण परिषदेत मांडणार आहे आणि चौकटीच्या नोंदी ग्रामसेवकांकडे देऊन बघणार आहे.

लेखी प्रश्नांचंही आपणच सुरू करू शकतो. आठवीचा पेपर आपल्या हातात आहे. पहिल्या सत्राच्या पेपरात निदान एक प्रश्न असा घालू, ज्यात तक्ता दिलेला असेल आणि मुलाने त्यावरून सांगायचं. 'या चौकटीत टाकळा १४, अळ्या ६, कोळी २. कोळी काढून टाकले तर पुढच्या महिन्यात टाकळ्याच्या पानांचं काय होईल? का?' शुभदाताई, हा प्रश्न घरी मुलाला विचारून बघा.

राज्यात पहिलीपासून नवी पुस्तकं यायला लागली आहेत, ती वरच्या वर्गांपर्यंत पोचतील. तेव्हा पाठांचा क्रम ठरवणाऱ्यांनी कोकण आणि विदर्भाचं पावसाचं वेळापत्रक समोर ठेवलं तर फार बरं होईल. तोवर आपला महिन्यांचा तक्ता इथेच वाढवू. मराठवाडा, खानदेश, गोव्यातल्या कुणी असेल तर लिहा. खारफुटीवाल्यांचीही वाट बघतोय.

शुभदा_के

विचारला. म्हणाला, "कोळी नसले तर अळ्या वाढतील, पानं संपतील, मग अळ्याच उपाशी मरतील. पण आई, अळी तोवर फुलपाखरू होऊन उडून गेली तर?" हे उत्तर मला तपासता येईना.

रानभैरी

त्याला पूर्ण गुण द्या. आणि सांगा की फुलपाखरू उडून दुसऱ्या टाकळ्यावर अंडी घालतं, म्हणून एक मीटरची चौकट पुरत नाही. किती मोठी लागेल, हा त्याचा पुढचा प्रश्न.

वऱ्हाडी_मास्तर

चौकटीवरूनच विचारतो. कपाशीत एक मीटरची चौकट टाकली तर आत एखाद-दुसरंच झाड येतं. मग मोजायचं कसं?

कातळसडा

मास्तर, तिथे चौकट सोडा, झाडं मोजा. बांध सोडून आत, शेतात नागमोडी चालत एकरी २० झाडं घ्या, प्रत्येकावरचं एक हिरवं बोंड. ती २० बोंडं वर्गात आणून फोडायची. दोनात अळी निघाली तर १० टक्के, म्हणजे तुमच्याकडचे शेतकरी फवारणीसाठी जी पातळी धरतात तीच. बोंड घरच्याच शेतातलं आणि घरच्यांना विचारून. बोंडं फोडताना अळी, कोष, आतला किडलेला कापूस असे तीन रकाने करा, म्हणजे सामान्य विज्ञानाच्या वहीतच बसेल.